गेणभाऊंचा वाटा

माझे सासरे गेणभाऊ यांनी मला जावई म्हणून पसंत केलं तेव्हा त्यांची एकच अट होती. पोराला रानात आवाज न करता चालता आलं पाहिजे. हुंडा नको, मानपान नको, फक्त एवढंच. मी हो म्हणालो, कारण रत्ना मला आवडली होती आणि चालणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं.

माझं घोडेगावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जबाब, मयताची नोंद, लागेल ते लिहून देतो. रामनाथचं अक्षर मोत्यासारखं, असं सगळा तालुका म्हणतो. माझ्या चालण्याबद्दल मात्र कोणी चांगलं बोललेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासरे मला भेकरदऱ्यात घेऊन गेले. दांडवाडीची भातखाचरं संपतात तिथून हा दरा सुरू होतो आणि कड्यापर्यंत चढत जातो. ऐन, जांभूळ, हिरडा, खाली करवंदीच्या जाळ्या आणि मधून ओहोळ. दहा पावलं गेलो असेन. सासरे थांबले, वळून माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "पावणं, तुमी चालताय का भात झोडताय?"

तरुणपणी गेणभाऊ वाडीतले पहिल्या नंबरचे शिकारी होते. तेव्हा सगळी वाडी मिळून हाका घालायची. अर्धी माणसं डबे बडवत दऱ्यातून वर चढायची आणि अर्धी वरच्या खिंडीत दबा धरून बसायची. खिंडीच्या तोंडाशी बसण्याचा मान गेणभाऊंचा. पुढे कायदा आला, खात्याची माणसं आली, आणि एक दिवस गेणभाऊंनी आपली ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीनं नेली आणि जमा करून टाकली. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, असं ते सांगतात. यातलं किती खरं, देव जाणे.

शिकार सुटली, पण सकाळी उठून दऱ्यात जायचं काही सुटलं नाही. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, झालं. कोणतं रानडुक्कर कोणत्या जाळीत लोळतं, रानकोंबडी यंदा कुठं बसलीय, शेकरूची घरटी किती, सगळं तोंडपाठ. शेकरूची घरटी सात होती. ओहोळावर पाणी प्यायला येणारी एक भेकराची मादी होती, तिचा डावा कान फाटलेला. तिला ते कानफाटी म्हणत आणि तिची खबरबात अशी सांगत की शेजारच्या घरातली सून वाटावी. "मारायच्या नादात बघायचंच ऱ्हाऊन गेलं व्हतं," असं ते एकदा मला म्हणाले. हे ऐकून मला त्यांची फार माया आली. पण जावयानं सासऱ्याला असलं काही बोलायची आमच्यात पद्धत नाही.

शिकारीच्या दिवसांतला एक नियम मात्र त्यांनी कधी सोडला नाही, आणि तो इथं सांगायलाच हवा. जनावर जखमी होऊन निसटलं तर ज्याच्या हातून निसटलं त्यानं वाघोबाच्या दगडासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं, "माझ्या हातून गेलं." कारण सांगायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आणि ते जनावर सापडेपर्यंत त्यानं वाडीच्या एकत्र शिजलेल्या अन्नातला वाटा घ्यायचा नाही. ज्याला ते सापडेल त्याला पहिला वाटा. एकदा एका सांबरापायी गेणभाऊ सव्वा महिना असे वाट्याविना राहिले होते. माझ्या सासूबाई सोनीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. कसल्या घरात येऊन पडले, असं त्यांना वाटलं म्हणे.

आता मी माझ्या मूर्खपणाकडे येतो.

आमच्या डोंगरात भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. रोपांच्या तुकड्यावर शेण, वाळल्या फांद्या, पालापाचोळा, गवत थरावर थर रचायचं, वरून माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते पेटवायचं. जमीन भाजून निघते आणि रोप जोमदार येतं. यातही गेणभाऊंचा शब्द वाडीत शेवटचा. पहाटे वारा पडलेला असताना पेटवायचं, वरच्या अंगानं पेटवायचं, आणि राखेवर तळहात टेकून ती गार लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. शेणाचा थर आतल्या आत दिवसभर धुमसतो. पोरं कंटाळून उठायला लागली की ते ओरडायचे, "बूड टेका! राखेला काय पाय फुटत न्हाईत व्हय?"

एका अक्षय्य तृतीयेला मी आणि रत्ना पहिल्या एसटीनं दांडवाडीला गेलो, तर घरात कोणी नाही. सगळे राबावर. मला ओसरीवर एकट्या कुत्र्यानं वास घेऊन आत घेतलं. मी रुसलो. जावई दारात येतो आणि पायावर पाणी घालायला कोणी नाही म्हणजे काय? पुरणपोळीला हात न लावता मी दुपारच्या गाडीनं परत निघालो. रत्नानं घोडेगाव येईपर्यंत माझी खरडपट्टी काढली. बाकीची गाडी मन लावून ऐकत होती. पण गोष्ट वाडीभर झाली आणि सासऱ्यांना ती फार लागली, हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे आजपासून चार वर्षांपूर्वी, आम्ही पुन्हा अक्षय्य तृतीयेला गेलो. मला खाचरापलीकडून येताना बघून सोनीबाईंनी बांधावरून हाळी दिली, "अवं, पावणं आलं! आधी घरी या!" गेणभाऊ राबापाशी बसले होते. त्यांनी राखेवर हात टेकला. तीन कोपरे गार होते, चौथा कोमट. वारा नव्हता. ते उठले, भराभरा घरी आले, स्वतःच्या हातानं माझ्या पायावर पाणी घातलं आणि हाताला धरून मला ओसरीवर बसवलं. मी असा काही खूश झालो की चहा झाल्यावर ते परत निघाले तेव्हा मीच म्हणालो, "बसा की मामा. जेवूनच जा." जावयाचा शब्द मोडायचा कसा? ते बसले.

आम्ही दुसरी पोळी घेत होतो तेव्हा वारा सुटला. सोनीबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली, कारण खाचरांच्या वरच्या अंगाला, दऱ्याच्या तोंडाशी, पिवळा धूर उभा राहिला होता.

वणवा दोन दिवस चालला. सगळी वाडी हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होती. राघू धनगरही धावून आला. राघू पिंपरी पेंढारचा. दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. जाता-येता दोन्ही वेळा त्याची मेंढरं गेणभाऊंच्या खाचरात बसायची. खाचराला खत मिळायचं आणि त्याला भाकरी. वीस वर्षांची ओळख. त्या दिवशी मेंढरं बायकोवर, बानूबाईवर टाकून तो ओल्या घोंगडीनं आग झोडपत होता. घोंगडी जळाली, भुवया जळाल्या. मीही दोन डहाळ्या मोडल्या. माझा उपयोग काय झाला असेल ते तुम्ही ओळखा.

तिसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब आले. आग कशी लागली, असं त्यांनी विचारलं. मग वाडीतला वडीलधारा सावळेराम म्हणाला, "मेंढक्याची पेटती इडी आसंल, सायेब. त्यो तिथंच व्हता." त्याला खरं ठाऊक नव्हतं. पण वाडीतल्या कोणावर येण्यापेक्षा बाहेरच्यावर गेलेलं बरं, एवढं त्याला कळत होतं. माणसांनी माना हलवल्या. पंचनामा लिहायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते एका धोंड्यावर बसून आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होते. मला सगळं कळलं. मी खाली बसलो आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की मेंढपाळाच्या निष्काळजीपणामुळे आग लागली असावी. खाली पंच म्हणून सही केली. आजवर हजारो कागद लिहिले, पण असा घाणेरडा कागद दुसरा नाही.

निघण्याआधी गेणभाऊ मला दऱ्यात घेऊन गेले. पायाखाली राख, वर काळे खुंट. या वेळी माझ्या चपला वाजल्या तरी त्यांनी वळून बघितलं नाही. एका जागी रानकोंबडी अंड्यांवर बसलेली होती, बसल्या जागी जळलेली. "उठली न्हाई ती," ते म्हणाले. शेकरूची सातही घरटी गेली होती. एक शेकरू नंतर चार दिवस वाडीतल्या विजेच्या खांबावर येऊन बसत होतं, झाड समजून की काय कोण जाणे. कानफाटीचा पत्ता नव्हता. ओहोळ राखेनं भरून काळा वाहत होता आणि तिथं माणसाशिवाय कोणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पावसाळ्यात दरा हिरवा झाला, पण ती हिरवळ बघून गेणभाऊ चिडायचे. जिथं करवंदी होती तिथं रानमोडी आणि घाणेरी ही तणं माजली. उघड्यावर गवत उगवलं तसे ससे आले, लावे आले, वर घारी घिरट्या घालायला लागल्या. मी म्हणालो, "मामा, जनावरं तर आली की." ते म्हणाले, "ही भाडेकरी हायती, पावणं. घरमालक गेलं." दऱ्यातलं वाघरू, म्हणजे बिबट्या, खालच्या उसात उतरलं ते तिकडंच राहिलं. उतारावरची माती दोन ठिकाणी घसरून ओहोळात आली. आणि राघूवर केस झाली होती, तो घोडेगावला तारखांना यायचा. माझ्या दुकानासमोरून जायचा, रामराम घालायचा. मी झेरॉक्सच्या मशीनमागे खाली वाकून कागद शोधत राहायचो.

मग वाघबारस आली. दिवाळीच्या तोंडावर आमच्या डोंगरात वाघोबाच्या दगडापाशी वाडीभरातून तांदूळ, दूध, गूळ गोळा करून खीर शिजवतात आणि पळसाच्या पानावर सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. राघूची मेंढरं त्या वर्षी गेणभाऊंच्या खाचरात बसली नव्हती, खाली सडकेला होती. गेणभाऊ स्वतः सडकेला गेले आणि राघूला घेऊन वर आले. खीर उतरली, पानं मांडली. गेणभाऊ दगडासमोर उभे राहिले.

"भेकरदरा माझ्या हातून गेला," ते म्हणाले.

सावळेराम म्हणाला, "गेणबा, काय बोलतुयास? मेंढक्यानं..."

"राख कोमट व्हती. ह्या हातानं बघितली व्हती. तरी उठलो."

"पन तू आन राखेवरनं उठशील? का उठलास?"

"उठलो. बास."

नियमच होता तसा. कारण सांगायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पण मी काही शिकारी नव्हतो, मला कुठला नियम? मी उठलो. मी म्हणालो, "माझ्यासाठी उठले. मागच्या साली मी रुसलो होतो म्हणून. आणि ठाऊक असून खोटा पंचनामा मी लिहिला." रत्ना बायकांच्या रांगेत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे त्या दिवशी जसं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

गेणभाऊ राघूकडे वळले. राघू म्हणाला, "मला ठावं व्हतं, भाऊ. धूर बघून मी पयला तुमच्या राबाकडंच पळालो व्हतो. त्या कोपऱ्यावर माती बी वढली. पर आग फुडं गेल्याली."

"मंग सायबाम्होरं बोलला का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो."

गेणभाऊंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग आपलं पान उचलून त्यांनी पालथं घातलं. दरा सापडेपर्यंत वाटा नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आणि गेणभाऊ घोडेगावला साहेबांसमोर गेलो. माझ्याविरुद्धचा जबाब मी माझ्याच अक्षरात लिहून दिला. साहेबांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. राघूचं नाव केसमधून निघालं. गेणभाऊंना दंड झाला, तो त्यांनी भरला. माझ्या सहीवर कचेरीत पुढे वर्षभर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि तेही बरोबरच होतं.

त्यानंतर दर हिवाळ्यात गेणभाऊ आणि सोनीबाई खाचरं आणि दरा यांच्यामधली गवताची पट्टी कापून साफ करायला लागले. वणवा आला तर तिथं अडावा म्हणून. सत्तरीतली दोन माणसं कोयत्या घेऊन वाकलेली बघून वाडीला लाज वाटली आणि दुसऱ्या वर्षी सगळे आले. दऱ्यात गुरं सोडायचं बंद झालं. रानमोडी मुळासकट उपटायची, जांभळाच्या नव्या फुटव्याभोवती काटे लावायचे. हिरड्याची झाडं बरीचशी मेलीच. ऐनाच्या काळ्या खुंटातून मात्र पालवी फुटली. तिसऱ्या वर्षी एका जांभळीवर शेकरूचं एक घरटं दिसलं. सातांतलं एक. त्या दिवशी सासऱ्यांनी मला फोन केला. एरवी ते फोनला हात लावत नाहीत, आणि त्यामुळे इतक्या जोरात बोलले की फोनची गरज नव्हती.

पण भेकर नव्हतं, आणि भेकराशिवाय दरा सापडला असं गेणभाऊ धरत नव्हते. वाघबारशीला सोनीबाई त्यांच्यासमोर पान मांडायच्या आणि ते पालथं घालायचे. सोनीबाई चिडायच्या. "एवढा म्हातारा झालाय आन खिरीवर रुसलाय!"

"रुसलो न्हाई. नेम हाय."

मीही वाटा घेत नव्हतो. पण मी तसं सांगायचो नाही. डॉक्टरनं गोड बंद केलंय, असं म्हणून माझं पान शेजारच्या पोरांपुढे सरकवायचो. मोठेपणा नको म्हणून नव्हे. मला सांगायची लाज वाटायची.

गेल्या वाघबारशीला खीर उतरत होती तेव्हा राघू खिंडीच्या वाटेनं धापा टाकत आला. आता त्याची मेंढरं पुन्हा गेणभाऊंच्या खाचरात बसतात. तो म्हणाला, "भाऊ, वढ्याच्या वर भेकर भुंकलं. माझं कुत्रं येडं झालंय."

भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं. गेणभाऊ म्हणाले, "दुसरं कुत्रं आसंल."

"वीस वर्सं कुत्र्यासंगं ऱ्हातोय मी."

गेणभाऊंनी काठी घेतली. मी मागोमाग निघालो. दऱ्याच्या तोंडाशी चपला काढून हातात घेतल्या. वाटेत काटे होते, मी तोंडातून आवाज काढला नाही. ओहोळाच्या काठी, जिथं कानफाटी पाणी प्यायची तिथं, ओल्या मातीत दोन बोटांएवढे खूर उमटले होते. शेजारी त्याहून लहान, नखाएवढे. आई आणि पाडस. गेणभाऊ खाली बसले आणि खुराच्या शेजारी उजवा तळहात टेकला.

"ओलं हाय," ते म्हणाले. "आत्ताचं."

मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, दरा जळाला तेव्हाही नाही. मी चपला हातात धरून उभा राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. थोड्या वेळानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसून त्यांनी मागं बघितलं आणि माझे अनवाणी पाय दिसल्यावर म्हणाले, "तरीच. मला वाटलं, पावणं माघारी गेलं."

आम्ही परतलो तेव्हा खीर निवली होती. कोणी पान उष्टं केलं नव्हतं, सगळे थांबले होते. गेणभाऊंनी पहिलं पान स्वतः वाढलं आणि दोन्ही हातांनी राघूपुढे धरलं. ज्याला सापडलं त्याचा पहिला वाटा. राघूनं घास घेतला. मग गेणभाऊ बसले, आपलं पान सरळ केलं आणि सोनीबाईंनी त्यावर खीर वाढली. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "गूळ कमी पडलाय."

"तीन वर्सं नुसतं बघितलंय, आता नावं ठेवतोय!" सोनीबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मी सवयीनं माझं पान शेजारच्या पोरापुढे सरकवलं. गेणभाऊंनी मान वर न करता हात लांब केला आणि ते परत माझ्यापुढे ओढलं.

"आता खावा, पावणं," ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "तुमचं बी सापडलंय."